चंद्र पडतोय, पण पोहोचत नाही

२०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर होते, तेव्हाची गोष्ट. रविवारची सकाळ होती. नववीत शिकणारा माझा भाचा आमच्याकडे आला होता आणि पोह्यांची बशी एका हातात धरून दुसऱ्या हाताने मोबाईलवर स्थानकातले व्हिडिओ बघत होता. माणसं भिंतीला हलकेच ढकलून इकडून तिकडे जातायत, पाण्याचा थेंब गोटीसारखा हवेत तरंगतोय.

"मावशी, तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून सगळे तरंगतात ना?"

मी लॅपटॉपवरची नजर न काढता म्हटलं, "हो."

तो दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "पण मग ते स्थानक पृथ्वीभोवती फिरतं कसं? गुरुत्वाकर्षण नसेल तर त्याला धरून कोण ठेवतं?"

मी लॅपटॉप मिटला. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अगं, इंजिनिअर ना तू? सांग की त्याला!"

मी काही सांगू शकले नाही. बारावीपर्यंत आणि पुढे बी.ई.च्या पहिल्या वर्षाला ९.८ हा आकडा वापरून मी किती गणितं सोडवली असतील, त्याला मोजदाद नाही. मार्कही चांगले पडले होते. पण चंद्र वर का टिकतो, हा साधा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हाच प्रश्न टाकला, तर बहुतेकांनी माझंच चुकलेलं उत्तर दिलं. सगळे इंजिनिअर!

त्या आठवड्यात मी आणि भाच्याने कागद, पेन्सिल, दोन नाणी आणि एक पाण्याची बाटली घेऊन हा विषय पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतला. तेच इथे मांडते आहे. सूत्रं फारशी नाहीत, घाबरू नका.

चारशे किलोमीटरची शिडी

आधी माझी चूक दुरुस्त करू. अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. इंदूरहून रस्त्याने अहमदाबादला जायला जेवढं अंतर पडतं, साधारण तेवढंच. फक्त वरच्या दिशेने. शाळेत असतो तसा ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल समोर ठेवला, तर त्या मापाने स्थानक गोलापासून एक सेंटिमीटरही दूर नाही. आपण ज्याला 'अंतराळात गेले' म्हणतो, ते खरं तर पृथ्वीला जवळजवळ चिकटूनच असतात.

आता न्यूटनचा नियम आठवा. १६८७ साली 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात त्याने तो मांडला. प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते. वस्तुमान जास्त, तर ओढ जास्त. अंतर दुप्पट झालं तर ओढ एक चतुर्थांश होते, तिप्पट झालं तर एक नवमांश. आणि हे अंतर मोजायचं ते जमिनीपासून नाही, पृथ्वीच्या केंद्रापासून. घोळ इथेच होतो. जमिनीवर उभे असताना आपण केंद्रापासून ६,३७१ किलोमीटरवर असतो. स्थानक असतं ६,७७१ किलोमीटरवर. म्हणजे फरक किती? फारच थोडा. हिशेब केला की तिथली पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ ८९ टक्के निघते.

समजा, इंदूरहून सरळ वर ४०० किलोमीटर उंच शिडी उभी केली आणि ६० किलोची एक व्यक्ती वजनकाटा घेऊन तिच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली. काटा किती दाखवेल? शून्य नाही, सुमारे ५३ किलो. ती तरंगणार तर नाहीच, आणि पाय घसरला तर सरळ खाली येईल.

म्हणजे गुरुत्वाकर्षण तिथे चांगलं भक्कम आहे. मग स्थानक खाली का येत नाही?

उत्तर असं, की ते खाली येतंच आहे. सतत पडतंच आहे.

दोन नाणी

हे पटायला थोडा वेळ लागतो, म्हणून आधी एक छोटा प्रयोग. टेबलाच्या कडेला दोन नाणी घ्या. एकाला टिचकी मारून आडवं लांब उडवा आणि त्याच क्षणी दुसरं कडेवरून सरळ खाली सोडा. कान देऊन ऐका. दोन्ही नाणी एकदमच जमिनीवर आपटतात. एक लांब जाऊन पडलं, एक पायाशी पडलं, पण पडायला वेळ सारखाच लागला. आडव्या वेगामुळे पडणं थांबत नाही. पडताना पुढे सरकणं होतं, इतकंच.

आता टेबलाऐवजी २० मीटर उंच गच्ची घ्या. तिथून एखाद्या वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटर वेगाने चेंडू आडवा फेकला, तर तो दोन सेकंदांत खाली येईल आणि तेवढ्यात साधारण ७८ मीटर पुढे गेलेला असेल. वेग दुप्पट केला तर दुप्पट लांब. वेग आणखी वाढवत नेला तर?

इथे एक नवी गोष्ट मधे येते. जमीन सपाट नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे दर आठ किलोमीटरला ती सुमारे पाच मीटर खाली वाकते. आणि कुठलीही वस्तू सोडली की पहिल्या सेकंदात किती पडते? ४.९ मीटर. जवळजवळ पाचच!

जुळलं का? एखादी वस्तू सेकंदाला साधारण आठ किलोमीटर वेगाने आडवी फेकली, तर एका सेकंदात ती पाच मीटर खाली येईल, पण तिच्याखालची जमीनही तेवढ्यात पाच मीटर खाली वाकलेली असेल. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. वस्तू पडतेय, जमीन तिच्यापासून तेवढीच दूर होतेय. अंतर कमीच होत नाही. पडता पडता तिची पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण होते, मग दुसरी, मग तिसरी. यालाच आपण कक्षा म्हणतो.

न्यूटनने हेच एका चित्रातून समजावलं होतं. खूप उंच डोंगर, त्यावर तोफ, आणि दर वेळी जास्त दारू भरून डागलेले गोळे. पहिला जवळ पडतो, दुसरा लांब, तिसरा आणखी लांब, आणि शेवटचा पृथ्वीला वळसा घालून तोफेच्या मागून येतो. हे चित्र त्याच्या मृत्यूनंतर, १७२८ साली छापलं गेलं. पहिला कृत्रिम उपग्रह, स्पुटनिक, १९५७ साली सुटला. म्हणजे उपग्रहाची कल्पना कागदावर यायला आणि तो खरोखर सुटायला मधे सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ गेला. कारण विचार तयार होता, पण सेकंदाला आठ किलोमीटर वेग देणारी तोफ कुणाकडे नव्हती. डोंगरावर हवेचा अडथळाही असतो. रॉकेटने दोन्ही कामं केली. आधी हवेच्या वर नेलं आणि मग आडवा वेग दिला. रॉकेट सुटताना सरळ वर जाताना दिसतं, पण त्याचं बरंचसं इंधन खर्च होतं ते हा आडवा वेग मिळवण्यात.

स्थानकाचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर आहे. इंदूरहून उज्जैनला पोहोचायला त्याला सात-आठ सेकंद पुरतील. पृथ्वीची एक फेरी साधारण ९३ मिनिटांत. म्हणून तिथल्या माणसांना चोवीस तासांत पंधरा-सोळा वेळा सूर्योदय दिसतो.

बाटली पडताना काय होतं?

आता तरंगण्याकडे येऊ. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ एक भोक पाडा, पाणी भरा, झाकण काढून ठेवा. भोकातून पाण्याची धार लागेल. आता ती बाटली उंचावरून सोडून द्या. भाच्याने ती गच्चीवरून सोडली आणि मी खाली अंगणात उभी राहून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घेतला. हातातून सुटल्याबरोबर धार बंद! बाटली पडत असेपर्यंत एक थेंब बाहेर आला नाही.

का? कारण धार लागते ती वरच्या पाण्याचं वजन खालच्या पाण्यावर पडल्यामुळे. बाटली आणि पाणी दोन्ही एकाच वेगाने पडायला लागले की कुणीच कुणावर भार टाकत नाही. गुरुत्वाकर्षण कुठेही गेलेलं नाही. त्यामुळेच तर बाटली पडते आहे. पण 'वजन' म्हणून आपल्याला जे जाणवतं, ते नाहीसं झालं.

स्थानक म्हणजे अशीच एक मोठी बाटली, आणि आतली माणसं म्हणजे तिच्यातलं पाणी. माणूस पडतोय, त्याच्या पायाखालची फरशीही त्याच वेगाने पडतेय, समोरचा पाण्याचा थेंबही. मग टेकायचं कशावर? म्हणून तरंगणं. आपल्यालाही याची अगदी छोटी झलक मिळते. पाळण्यातून झपकन खाली येताना पोटात गोळा येतो ना, तीच. आपल्याला ती क्षणभर मिळते, शुभांशु शुक्लांना सलग अडीच आठवड्यांहून जास्त मिळाली.

हलकं-जड सगळं एकाच वेगाने पडतं, ही यातली कळीची गोष्ट. १९७१ साली अपोलो १५ चे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून हातोडा आणि पीस एकदम सोडलं होतं. तिथे हवा नसल्याने दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकले. तो व्हिडिओ मुलांना जरूर दाखवा.

चंद्राचा हिशेब

आता खरी गंमत. स्थानक पडतंय म्हणून फिरतंय, तर चंद्राचं काय? तोही पडतोय का?

झाडावरून सफरचंद पडलं आणि न्यूटनला गुरुत्वाकर्षण सुचलं, असं आपण ऐकलेलं असतं. पण वस्तू खाली पडतात हे तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. न्यूटनचा प्रश्न वेगळा होता. सफरचंदाला ओढणारी ही ओढ वर कुठपर्यंत पोहोचते? पार चंद्रापर्यंत जाते का?

हे त्याने तपासलं कसं, ते आपणही मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघू शकतो.

चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. आपल्या शाळेच्या पृथ्वीगोलाच्या मापाने बघायचं तर मोसंब्याएवढा चंद्र नऊ मीटर लांब ठेवावा लागेल. हे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट आहे. अंतर ६० पट, तर ओढ ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० पटींनी कमी. इथे वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते, तर चंद्राने ४.९ भागिले ३,६०० मीटर पडायला हवं. उत्तर येतं १.३६ मिलिमीटर.

हा झाला नियमाने काढलेला आकडा. आता प्रत्यक्षात चंद्र किती पडतो? चंद्र पृथ्वीभोवती एक फेरी २७.३ दिवसांत पूर्ण करतो. त्यावरून त्याचा वेग येतो सेकंदाला १.०२३ किलोमीटर. एका सेकंदात तो जर सरळ गेला असता, तर कुठे पोहोचला असता आणि वर्तुळावर राहिल्यामुळे कुठे आहे, यातला फरक म्हणजे त्याचं पडणं. भूमितीने तो असा निघतो: १.०२३ चा वर्ग, भागिले ३,८४,४०० ची दुप्पट. करून बघा. किलोमीटरचे मिलिमीटर केले की उत्तर येतं १.३६.

तोच आकडा!

भाच्याने हे कॅल्क्युलेटरवर तीनदा करून बघितलं. मला मात्र थोडं वाईट वाटलं. यातली एकही पायरी नववी-दहावीच्या पलीकडची नाही. हे मला शाळेत कुणी करायला लावलं असतं तर! आम्ही सूत्र पाठ केलं, किंमती घातल्या आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. झाडावरचं फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाने पडतात, हे त्या दोन रेघांमधे कुठेतरी राहून गेलं.

आपल्या भास्कराचार्यांनी काय सांगितलं होतं?

'गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनच्या आधी पाचशे वर्षं भास्कराचार्यांनी लावला' असा मेसेज तुमच्याही कुटुंबाच्या ग्रुपवर येतच असेल. त्यात खरं किती?

भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात त्यांनी पृथ्वीच्या ठिकाणी आकृष्टिशक्ती, म्हणजे ओढून घेण्याची शक्ती आहे, आणि आकाशातली जड वस्तू तिच्यामुळे पृथ्वीकडे ओढली जाते, असं स्पष्ट म्हटलं आहे. पृथ्वी स्वतः कुठे पडत का नाही, तर सगळीकडे सारखंच आकाश असताना ती पडणार तरी कुठे, असा प्रश्नही ते विचारतात. त्यांच्याही आधी, ६२८ साली, ब्रह्मगुप्तांनी वस्तू आपल्याकडे ओढणं हा पृथ्वीचा स्वभाव असल्याचं म्हटलं होतं. हा विचार थोर आहे आणि आपल्याला त्याचा अभिमान असायलाच हवा.

पण ओढ अंतराबरोबर किती कमी होते, याचा हिशेब त्यात नाही. आणि हीच ओढ चंद्राला आणि ग्रहांनाही फिरवते, हेही नाही. आपल्या सिद्धांतग्रंथांत आकाशातल्या ज्योतींना फिरवणाऱ्या 'प्रवह' नावाच्या वायूची कल्पना होती. वर आपण जो १.३६ चा हिशेब केला, तो न्यूटनच्या नियमाशिवाय करता येत नाही. भास्कराचार्यांचं जे आहे तेच इतकं मोठं आहे, की त्यात भर घालायची गरज नाही.

साडेसाती साडेसातच का?

चंद्र पृथ्वीकडे पडतो, तशी पृथ्वी सूर्याकडे पडते. दर सेकंदाला सुमारे तीन मिलिमीटर. त्याच सेकंदात ती पुढे मात्र तीस किलोमीटर जाते, म्हणून सूर्यात न पडता वर्षभरात त्याच्याभोवती फिरून येते. बाकी ग्रहांचंही तसंच.

सूर्यापासून जितकं लांब, तितकी ओढ कमी, आणि तितका ग्रहाचा वेगही कमी. बुध सेकंदाला सरासरी ४७ किलोमीटर पळतो, गुरू १३ आणि शनी जेमतेम साडेनऊ-दहा. शिवाय शनीची वाटही फार लांबची. म्हणून त्याला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. आपल्या पूर्वजांना त्याचा हा संथपणा दिसला होता. त्याचं नावच शनैश्चर, म्हणजे हळूहळू चालणारा.

आता घरातलीच गोष्ट बघा. साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत शनी साधारण अडीच वर्षं. तुमची रास, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशी. अडीच त्रिक साडेसात! साडेसातीचा आकडा थेट शनीच्या कक्षेतून आला आहे. तिचे परिणाम मानायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण कालावधी मात्र गुरुत्वाकर्षणाने ठरवलेला आहे.

गुरूचंही तसंच. त्याची फेरी ११.८६ वर्षांची, म्हणजे दर वर्षी जवळपास एक रास. तो सिंह राशीत आला की उज्जैनला क्षिप्रेकाठी सिंहस्थ भरतो. मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ साली. बारा वर्षांचं हे चक्र म्हणजे गुरूचं सूर्याभोवती पडत राहणं.

जर्मन गणिती केप्लर याने न्यूटनच्याही आधी, १६१९ साली, ग्रहांच्या या वेळापत्रकातला नियम शोधून काढला होता. ग्रहाच्या फेरीला किती वर्षं लागतात त्याचा वर्ग करा. पृथ्वीच्या तुलनेत तो सूर्यापासून किती पट लांब आहे त्याचा घन करा. दोन्ही आकडे सारखे येतात. गुरू ५.२ पट लांब आहे. ५.२ चा घन १४०.६. आणि ११.८६ चा वर्ग १४०.७. ग्रहांच्या कक्षा अगदी गोल नसून थोड्या लांबट, लंबवर्तुळाकार असतात, हेही त्यानेच दाखवलं. पण असं का, हे त्याला सांगता आलं नाही. ते 'का' न्यूटनने सांगितलं.

गच्चीवरच्या डिश

हाच नियम आपल्या रोजच्या कामाचा आहे. संध्याकाळी गच्चीवर जाऊन आजूबाजूच्या घरांवरच्या डीटीएच डिश बघा. सगळ्यांची तोंडं दक्षिणेच्या किंवा आग्नेयेच्या बाजूला. उत्तरेकडे बघणारी डिश आपल्याकडे सापडायची नाही.

कारण सोपं आहे. उपग्रह जितका उंच, तितकी त्याची फेरी सावकाश. ४०० किलोमीटरवर दीड तास, चंद्राच्या अंतरावर सत्तावीस दिवस. म्हणजे मधे कुठेतरी अशी उंची असणार, जिथे फेरीला बरोबर एक दिवस लागेल. ती उंची आहे ३५,७८६ किलोमीटर. शाळेच्या पृथ्वीगोलापासून सुमारे ८४ सेंटिमीटर. विषुववृत्ताच्या वर या उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा दिसतो. डिश एकदा रोखली की पुन्हा हलवायला नको. आणि विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आहे, म्हणून सगळ्या डिश तिकडे बघतात. खिळल्यासारखा दिसला तरी तोही पडतोच आहे, सेकंदाला तीन किलोमीटर पुढे जात जात.

जेवण घेऊन येणारा मुलगा आपल्या दारात बरोबर पोहोचतो, तो जीपीएसमुळे. ते उपग्रह २०,२०० किलोमीटरवर असतात आणि दिवसातून दोन फेऱ्या करतात. त्यांच्या घड्याळांची गंमत आहे. तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्याने घड्याळं जरा पुढे धावतात, आणि वेगामुळे जरा मागे पडतात. दोन्ही मिळून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाला मायक्रोसेकंद म्हणतात, तेव्हा वाटेल की एवढ्याने काय होतंय! पण ही दुरुस्ती केली नाही, तर नकाशावरची चूक रोज दहा किलोमीटरहून जास्त वाढत जाईल. आपलं जेवण दुसऱ्याच गावात!

घड्याळांवरचा हा परिणाम न्यूटनच्या नियमात बसत नाही. तो आइनस्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतातून येतो. आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या एका मराठी घराचा इथे उल्लेख करायलाच हवा. विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत आणि याच सापेक्षतेच्या सिद्धांतावर संशोधन करत. त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकर बनारसला वाढले, केंब्रिजला गेले आणि १९६४ साली फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक वेगळा सिद्धांत मांडला. हे सगळं करून त्यांनी मराठीत मुलांसाठी, सामान्य वाचकांसाठी भरपूर लिहिलं. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांचं 'आकाशाशी जडले नाते' घरात असू द्या.

मग कधी कोसळतात?

आईला हे सगळं सांगितल्यावर तिने तिचा प्रश्न काढला. "असं आहे तर स्कायलॅब का पडलं?" १९७९ साली ती ग्वाल्हेरला माहेरी होती. अमेरिकेचं ते स्थानक आपल्याच डोक्यावर पडणार या भीतीने गल्लीतली माणसं रात्र रात्र जागायची, असं ती सांगते.

चुकतं कुठे, तर हवेमुळे. ४०० किलोमीटरवरही हवेचा अगदी विरळ अंश असतो. तो उपग्रहाला किंचित मागे खेचतो, वेग घटतो आणि कक्षा थोडी खाली येते. खाली हवा जास्त, म्हणून अडथळा आणखी जास्त. त्या वर्षांत सूर्य जास्त सक्रिय होता. त्याच्या उष्णतेने वरची हवा फुगली आणि स्कायलॅबला अपेक्षेपेक्षा जास्त अडथळा झाला. ११ जुलै १९७९ रोजी ते कोसळलं. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. आजच्या स्थानकाला म्हणूनच अधूनमधून इंजिन चालवून पुन्हा वर ढकलावं लागतं. चंद्राच्या वाटेत हवा नाही, म्हणून त्याला कुणी ढकलावं लागत नाही.

संकष्टीची रात्र

परवा संकष्टी होती. आईचा उपास. नैवेद्य तयार, पण चंद्राचा पत्ता नाही. आई दर पाच मिनिटांनी विचारत होती, "आला का रे?"

भाचा गच्चीवर होता. त्याने तिला समजावलं, "आजी, तू पौर्णिमेला बघितलास तेव्हा तो संध्याकाळीच उगवला होता ना? पण तो रोज आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकतो. मग त्याला गाठायला पृथ्वीला थोडं जास्त फिरावं लागतं. रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर. चार दिवसांचा हिशेब केलास की झालं, नऊच्या पुढे."

"पुढे सरकतो म्हणजे पडतो, असंच ना तुमचं?" आईने विचारलं.

"हो. पडतोय, पण पोहोचत नाही."

"नको पोहोचू दे बाबा," आई म्हणाली, "नुसता दिसला तरी पुरे. मोदक गार होतायत."

नऊ वाजून काही मिनिटांनी समोरच्या इमारतीच्या टाकीमागून तो वर आला. आईने हात जोडले, अर्घ्य दिलं, आणि आम्ही जेवायला बसलो.

तुमच्या घरी नववी-दहावीतलं कुणी असेल, तर या सुट्टीत नाण्यांचा आणि बाटलीचा प्रयोग जरूर करून बघा आणि चंद्राचा १.३६ चा हिशेब त्याच्याकडूनच करून घ्या. बाटली सोडताना खाली कुणी उभं नाही ना, तेवढं बघा. आमच्याकडे दुसऱ्या वेळी ती नेमकी माझ्याच डोक्यावर आली होती.